पहिला कॉर्न स्नेक आणायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पहिली_कात

नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं मनात होतं, आता घरच्यांचा होकार मिळालाय. मला कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) पाळायचा आहे. वाचन भरपूर केलं, पण त्याने गोंधळच जास्त झाला. एक जण सांगतो पिल्लाला छोटा डबा बरा, दुसरा सांगतो मोठीच टाकी घ्या. कुणी म्हणतं खालून ऊब द्या, कुणी म्हणतं वरून. खायला घालताना त्याला वेगळ्या डब्यात काढायचं की नाही, यावर तर एकमतच दिसत नाही.

एका अनुभवी पाळणाऱ्यांकडे दोन महिन्यांचं पिल्लू बघून आलेय. केशरी अंग, त्यावर लालसर ठिपके, काळा रंग कुठेच नाही, डोळे लाल. हातावर ठेवलं तर बोटांमधून दोरा ओवल्यासारखं फिरत राहिलं. उद्याच घेऊन यावं असं वाटतंय. सासूबाईंची एकच काळजी आहे, "निसटला तर?" मुलगी ६ वर्षांची आहे आणि तिला माझ्याहून जास्त घाई आहे.

काय आधी करू, काय नंतर, कृपया सांगा.

खवले

स्वागत आहे. माझं पहिलं सांगणं हेच, की उद्या आणू नका. टाकी पूर्ण मांडा, दिवा आणि थर्मोस्टॅट (ऊब ठरलेल्या अंशावर राखणारं उपकरण) चालू करा आणि रिकाम्या टाकीतले आकडे दोन आठवडे वहीत लिहा. सकाळी, दुपारी, रात्री. ते स्थिर दिसू लागले की मग पिल्लू.

एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. सापाला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. आपण जेवलो की पुढचं काम पोट बघतं. सापाचं पोट बाहेरची ऊब मिळाली तरच काम करतं. गारठ्यात राहिला तर गिळलेला उंदीर आतच सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. मोठा साप यातून सावरतो, पण ७-८ ग्रॅमच्या पिल्लाला एक ओकारीही जड जाते. उलट, टाकी सगळीकडून गरमच असेल तर त्याला पळायला जागा उरत नाही, अंगातलं पाणी कमी होतं. म्हणून एक टोक ऊबदार आणि दुसरं गार ठेवायचं. ऊबदार टोकाची हवा २८ ते ३० अंश सेल्सिअस, दिव्याखालच्या दगडाचा किंवा फळीचा पृष्ठभाग ३० ते ३२, गार टोक २२ ते २४. रात्री २० च्या आसपास आलं तरी हरकत नाही. साप दिवसभर या दोन टोकांमध्ये ये-जा करून आपलं आपण जुळवून घेतो.

लपायच्या जागा कमीत कमी दोन हव्यात, एक ऊबदार टोकाला आणि एक गार टोकाला. नवीन लोक इथे कंजुषी करतात. लपण फक्त गार बाजूला असेल तर सापापुढे पेच पडतो, ऊब घ्यायची की लपून राहायचं? तो लपणंच निवडतो. मग पचन बिघडतं आणि मालक म्हणतो, टाकी तर व्यवस्थित गरम आहे. लपणही ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग सगळ्या बाजूंनी टेकलं पाहिजे, तेव्हा त्याला सुरक्षित वाटतं.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या. हा प्राणी १५ ते २० वर्षं जगतो, चांगला सांभाळला तर त्याहूनही जास्त. माझी मादी १७ वर्षांची आहे. ती आणली तेव्हा मी शिकत होतो. आज माझी मुलं तिचं पाणी बदलतात.

निळे_डोळे

खवले यांनी थर्मोस्टॅटचा उल्लेख ओझरता केला, मी त्यावरच लिहिणार आहे. कारण मी ती चूक केली आणि ती माझ्या सापाने भोगली.

पहिल्या वर्षी मी टाकीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावली आणि थर्मोस्टॅट घेतला नाही. मॅटवर लिहिलेलं तापमान मला पुरेसं वाटलं. वर भुशाचा थर होता, हात लावला तर कोमट लागायचं. सापाने भुसा उकरला आणि थेट काचेवर जाऊन पडला. गरम लागलं तर तो स्वतःच उठून जाईल असा माझा समज होता. तो उठला नाही. पोटावरचे खवले तपकिरी पडले, मग फोड आले. बरं व्हायला अनेक महिने आणि तीन काती लागल्या. ते व्रण अजून दिसतात.

तेव्हा ताई, ऊब कोणत्याही साधनाने द्या, मध्ये थर्मोस्टॅट हवाच. मॅट असेल तर त्याचा सेन्सर मॅट आणि काच यांच्यामध्ये नीट चिकटवा, भुशावर नुसता ठेवू नका. साप किंवा पाण्याचं भांडं सेन्सरला ढकलतं, तो गार जागी जातो आणि मॅट तापतच राहते. दिवा असेल तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवा, कारण कॉर्न स्नेक चढतो आणि तापलेल्या दिव्याला विळखा घालतो. तापणारे कृत्रिम दगड मिळतात ते अजिबात घेऊ नका.

वरून की खालून, या प्रश्नावर मी आता वरूनच्या बाजूचा आहे. वरचा दिवा उन्हासारखा पाठ आणि हवा दोन्ही तापवतो. नुसत्या मॅटने काच तापते, हवा फारशी तापत नाही. लाल दिव्यांची काही गरज नाही. दिवसा १२ तास उजेड, रात्री अंधार. अंधारात ऊब लागत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो.

कुंडलाकार

टाकीच्या आकारावर माझं मत. मोठ्या सापाला १२० सेंमी लांब, ६० रुंद, ६० उंच, याहून कमी नको. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक ९० ते १५० सेंमीचा होतो, त्याला अंग सरळ पसरता आलं पाहिजे. पण पिल्लू या टाकीत सोडू नका. ते घाबरून खाणं सोडतं. पहिले ८-१० महिने छोटी पेटीच बरी, साधारण ६० सेंमीची.

खवले

कुंडलाकार, इथे मी थोडा वेगळा आहे. पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, उघड्या जागेला घाबरतं. रानात त्याला कोण पेटी देतं? मोठ्या टाकीत ५-६ लपणं ठेवा, सालीचे तुकडे, फांद्या, खोटी पानं दाटीने भरा, तर पिल्लूही मजेत राहतं. माझी शेवटची दोन पिल्लं मी थेट मोठ्या टाकीत वाढवली, दोघांनीही खाणं चुकवलं नाही.

कुंडलाकार

मान्य, दाटी असेल तर. पण नवीन माणसाला इवलंसं पिल्लू मोठ्या टाकीत दिसतच नाही. ते खातंय का, शी केली का, काही कळत नाही. आणि पिल्लू पेन्सिलएवढं असतं, मोठ्या टाकीच्या सरकत्या काचांमधल्या फटीतून सहज जातं. पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी छोट्या पेटीचाच सल्ला देईन.

खवले

फटीचा मुद्दा बरोबर आहे. तेवढ्यासाठी छोटी पेटी मलाही पटते.

पहिली_कात

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, खूप आभार. मग छोटीच पेटी घेते आणि मोठीसाठी आतापासून जागा मोजून ठेवते. अंथरायला काय घालू? माझ्याकडे देवदाराचा भुसा आयता आहे, वासही छान येतो.

निळे_डोळे

तो वासच घातक! देवदार आणि चीड (पाइन) या लाकडांतली सुगंधी तेलं सापाच्या श्वसनाला बाधतात. अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचे छिलके किंवा नारळाच्या सालीचा जाडसर भुसा घ्या. थर जाड घाला, कॉर्न स्नेकला बिळं करायला फार आवडतं. वाळू नको. पहिल्या महिन्यात मात्र नुसते कागदी टॉवेल अंथरा. दिसायला रूक्ष दिसतं, पण शी कशी आहे, ओकला का, अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, हे सगळं कागदावर लगेच कळतं.

पाण्याचं भांडं जड आणि त्याला अंग बुडवून बसता येईल एवढं. त्यात फक्त पाणी, रोज ताजं. दूध सापाला पचत नाही.

रानवाट

मला वादासाठी वाद घालायचा नाही, पण मनात आलं ते लिहितो. रानातला प्राणी काचेच्या पेटीत १५-२० वर्षं ठेवणं योग्य आहे का? कुत्रा-मांजर आपल्याकडे ओढीने येतात, साप तर आपल्याला ओळखतही नाही. मग हे कोणासाठी चाललंय?

दुपारची_सावली

रानवाट, हा प्रश्न प्रत्येक पाळणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा, बरं केलंत.

माझ्यापुरतं उत्तर असं. रानातून पकडलेला साप घरात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. तो घाबरलेला असतो, अंगात परजीवी असतात, बहुतेकदा खातही नाही, आणि रानातला एक जीव कमी होतो तो वेगळाच. कॉर्न स्नेकची गोष्ट थोडी निराळी आहे. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतचा बिनविषारी साप. मक्याच्या कोठारांभोवती उंदरांमागे फिरायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. काही जण पोटावरच्या चौकटी मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणूनही सांगतात. बंदिवासात त्याच्या पिढ्यान् पिढ्या झाल्यात. ताईंनी पाहिलेला, काळा रंग नसलेला प्रकार म्हणजे अमेल. तसा पहिला साप १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात रानात सापडला, आणि त्याच्या वंशातून १९६१ मध्ये बंदिवासात तशी पिल्लं जन्मली. आज पाळले जाणारे बहुतेक कॉर्न स्नेक अशा पिढ्यांतून आलेले असतात. रानात सोडले तर ते तिथे टिकणार नाहीत, किंवा टिकले तर तिथल्या पाखरांचं आणि पालींचं नुकसान करतील. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर हे झालंय. माणसांबरोबर पोचलेला कॉर्न स्नेक आता तिथे उपरा म्हणून ठाण मांडून आहे.

तो मला ओळखतो असं मीही म्हणणार नाही. तो मला सहन करतो, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे. त्याच्या बदल्यात त्याला उकरायला माती, चढायला फांद्या, लपायला जागा आणि शांतता देणं हे माझं काम. ते जमणार नसेल तर आणू नये.

ताई, आणखी दोन गोष्टी. तुम्ही राहता तिथला कायदा आधी नीट बघा. न्यूझीलंडमध्ये कोणताही साप पाळायला बंदी आहे, ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक ठेवता येत नाही, काही ठिकाणी परवाना किंवा नोंदणी लागते. जिथे मनाई आहे तिथे पळवाट शोधू नका. आणि पिल्लू घेताना त्याची खाण्याची नोंद मागा. तारीख, काय दिलं, खाल्लं की नाही. गोठवून मग कोमट केलेलं भक्ष्य त्याने किमान ३-४ वेळा ओळीने खाल्लेलं असावं. जमलं तर तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा.

रानवाट

सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझं मन पूर्ण वळलं असं नाही, पण रानातला पकडायचा नाही यावर आपलं एकमत आहे. ताईंनी तेवढं पाळावं.

पहिली_कात

नक्की पाळेन, रानवाट. कायद्याचं आधीच तपासलंय, कागद जपून ठेवलेत.

दवाखान्यातली

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. घरात ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत, म्हणून लिहितेय.

साप दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो. सापाला, टाकीला, भांड्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे. हा नियम घरात सगळ्यांना सारखा. टाकीतलं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका. साप स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर येऊ देऊ नका, तोंडाजवळ नेऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना जास्त धोका असतो. सासूबाईंनी दुरून बघावं हेच उत्तम. मुलीने हातात घ्यायचं तर तुम्ही शेजारी बसलेल्या हव्यात.

सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. साप आजारी पडल्यावर शोधायला लागलात तर उशीर होतो, कारण साप दुखणं लपवतो. तोंड उघडून श्वास घेणं, श्वासात घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले तर थांबू नका. पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसतोय आणि पाण्यात मिरपुडीसारखे काळे कण दिसतात, तर माइट्स. वारंवार ओकतोय आणि अंगाच्या मधोमध फुगीर दिसतंय, तर ते लक्षण गंभीर समजा. यातलं काहीही घरगुती उपायांवर सोडू नका.

निळे_डोळे

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. निसटला तर? खरं सांगायचं तर कॉर्न स्नेक निसटण्यात पटाईत आहे. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. झाकणावर नुसतं वजन ठेवून भागत नाही, कडी किंवा कुलूप हवं. वायर जिथून आत जाते ती फट बघा. तिथूनच माझा एकदा गेला.

अकराव्या दिवशी सापडला. गेला तर घाबरून सगळं उचकटू नका. त्या खोलीचं दार बंद करा, दाराखाली टॉवेल कोंबा. साप भिंतीच्या कडेने फिरतो आणि ऊब असलेल्या अंधाऱ्या फटीत शिरतो. फ्रिजच्या मागे, पुस्तकांच्या कपाटाखाली, गादीच्या शिवणीत. रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन बसा. दाराशी आणि भिंतीच्या कडेला पिठाची पातळ रेघ ओढून ठेवा, सकाळी त्यावर माग दिसतो. माझा त्या मागावरूनच कपाटाखाली मिळाला, बारीक झाला होता, बाकी ठीक होता. बिनविषारी आहे, लहान पिल्लू चावलं तर ओरखडा उठतो, एवढंही सासूबाईंना सांगा.

पहिली_कात (३ आठवड्यांनी)

पेटी मांडून १६ दिवस झाले. वहीतले आकडे लिहिते. ऊबदार टोक २९, दिव्याखाली ३१, पण गार टोक २७ च्या खाली येतच नाही. ओलावा ४५ टक्के. काय चुकतंय?

कुंडलाकार

पेटी ६० सेंमीची आहे ना? मग दिवा मधोमध असेल. तो अगदी टोकाला सरकवा आणि कमी वॉटचा लावा. झाकणाच्या गार बाजूची जाळी मोकळी ठेवा. खोलीच २६-२७ असेल तर मात्र पेटी घरातल्या सर्वांत गार भिंतीशी न्या, खिडकीचं ऊन नको. ओलावा ४० ते ६० टक्के चालतो, तुमचा ठीक आहे.

पहिली_कात (५ दिवसांनी)

दिवा सरकवला, पेटी आतल्या खोलीत नेली. आता गार टोक २४ ला टेकलंय. आणि... आज पिल्लू घरी आलं! वजन १२ ग्रॅम. सोबत नोंदवही मिळाली, ओळीने ६ पिंक्या (उंदराची नवजात पिल्लं) खाल्ल्यात. आल्याआल्या ऊबदार लपणाखाली गेलं, अजून बाहेर आलेलं नाही. मुलगी पेटीसमोर मांडी घालून बसलीय.

खवले

अभिनंदन! आता सगळ्यांत कठीण काम, काहीही न करणं. सात दिवस हात लावायचा नाही, लपण उचलून बघायचं नाही. पाणी बदला आणि बाजूला व्हा. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा म्हणजे त्याला माणसांची ये-जा दिसणार नाही. सात दिवसांनी संध्याकाळी पहिली पिंकी.

पहिली_कात (८ दिवसांनी)

नाही खाल्लं. काल रात्री दिलं, चिमट्याने नाकासमोर धरलं, तर शेपूट थरथरवली, अंग एस आकारात घेतलं आणि चिमट्यावरच डोकं मारलं. मी दहा मिनिटं धरून होते. सकाळी पिंकी तशीच पडलेली. मला रात्रभर झोप नाही. आज परत देऊ का? जिवंत द्यावी का? कुणीतरी तोंड उघडून भरवायला सांगितलंय.

खवले

ताई, आज देऊ नका. जिवंतही देऊ नका आणि भरवू तर मुळीच नका. तोंडाला इजा होते, आणि भेदरलेलं पिल्लू भरवलेलं ओकतं. १२ ग्रॅमचं, आधी नीट खाणारं पिल्लू दोन-तीन आठवडे उपाशी राहिलं तरी धोका नसतो. दर आठवड्याला वजन करा. ते घसरत गेलं तर डॉक्टर.

ते रागावलेलं नाही, घाबरलेलं आहे. त्याच्या जागी बसून बघा. वरून एक भलंमोठं काहीतरी येतं आणि नाकासमोर हलत राहतं. भूक आठवेल का? पाच दिवस पूर्ण शांतता. मग असं करा. पिंकी आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरवा. मायक्रोवेव्ह कधीच नको, आतून शिजते आणि फुटते. देण्याआधी पिशवीत घालून गरम पाण्यात १० मिनिटं ठेवा, साधारण ३८ अंशांपर्यंत येऊ दे. कोरडी करून ऊबदार लपणाच्या तोंडाशी ठेवा, दिवा मालवा, खोलीतून बाहेर जा. सकाळपर्यंत बघायचं नाही.

निळे_डोळे

याच्यात एक भर. तेवढ्याने नाही खाल्लं तर पुढच्या वेळी झाकणाला भोकं पाडलेला छोटा डबा घ्या, त्यात एक कागद, पिंकी आणि पिल्लू ठेवा, झाकण घट्ट लावा आणि तो डबा रात्रभर पेटीच्या आतच गार आणि ऊबदारच्या मध्ये ठेवा. अंधाऱ्या लहान जागेत पुष्कळ पिल्लं खातात. हा अडून बसलेल्या पिल्लासाठीचा उपाय आहे. एरवी रोजच्या सवयीने वेगळ्या डब्यात काढून खायला घालू नका. पेटीत खाऊ घातलं की साप हाताला चावरा होतो, हा समज जुना आहे. उलट पोटभर खाल्लेल्या सापाला उचलून परत ठेवण्यानेच तो ओकण्याची भीती जास्त.

दवाखान्यातली

जिवंत भक्ष्याबद्दल खवले बोलले ते पुन्हा ठळकपणे सांगते. उंदीर चावलेले साप आमच्याकडे येतात. डोळा गेलेले पाहिलेत. पिंकी चावत नाही हे खरं, पण आत्ता जिवंतची सवय लावली तर दोन वर्षांनी मोठा उंदीरही जिवंतच द्यावा लागेल.

पहिली_कात (६ दिवसांनी)

खाल्लं!!! खवले सांगतात तसंच केलं. पहाटे पाचला उठून टॉर्चने हळूच पाहिलं, पिंकी नव्हती. पिल्लू लपणात, अंगाच्या मध्यावर छोटा फुगवटा. सासूबाई आधी उठून बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, "जेवला का?" मला रडूच आलं.

आता पुढे कसं? किती दिवसांनी? हातात कधी घेऊ?

खवले

वा! बातमी वाचून दिवस चांगला गेला.

पुढची पिंकी ५ ते ७ दिवसांनी. दोन दिवस, म्हणजे पूर्ण ४८ तास, हात लावू नका. तीन-चार वेळा ओळीने खाल्लं की मग हातात घेणं सुरू करा. पहिल्या वेळी ५ मिनिटं. वरून झडप घालून पकडू नका, घार तशी येते. बाजूने, शरीराच्या मध्याखाली बोटं सरकवून उचला आणि त्याला आपल्या मर्जीने एका हातावरून दुसऱ्यावर जाऊ द्या. डोक्याला हात लावू नका. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

भक्ष्याचा आकार सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा दीडपट जाड, त्याहून मोठं नको. साप जबडा निखळवतो असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे जुळलेली नसतात, ताणली जातात, म्हणून तोंड एवढं उघडतं. पण पोटाला मर्यादा आहेच. मोठा झाला की १० ते १४ दिवसांनी एक उंदीर पुरतो. पाळीव कॉर्न स्नेक उपासमारीपेक्षा लठ्ठपणानेच जास्त बिघडतात, तो खातो म्हणून देत राहू नका.

कुंडलाकार

मोठा झाल्यावर एकटं वाटेल म्हणून जोडी आणू नका, हेही आत्ताच सांगून ठेवतो. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे. एका टाकीत दोन ठेवले तर दबलेला खाणं सोडतो, आणि एकाने दुसऱ्याला गिळल्याचीही उदाहरणं आहेत.

पहिली_कात (महिन्याने)

चार पिंक्या पोटात गेल्यात, वजन १९ ग्रॅम. कालपासून मात्र रंग मातकट झालाय आणि डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा आलाय. पाचवी पिंकी नाकारली. हे कात टाकायचंच ना? की डोळे बिघडले?

निळे_डोळे

हो हो, कातच. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचतो म्हणून डोळे निळे दिसतात. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो बिचकतो. हात लावू नका, खायला देऊ नका. काही दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतील, तुम्हाला वाटेल टळलं. त्यानंतर ३-४ दिवसांनी कात पडते.

एका छोट्या डब्याला दार कापा, आत ओलसर शेवाळ किंवा ओला करून पिळलेला कागदी टॉवेल घाला आणि ऊबदार टोकाच्या आतल्या बाजूला ठेवा. अख्खी पेटी ओली करू नका, सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले कुजतात. खरखरीत फांदी किंवा दगड आहे ना? कात तोंडापासून सुटते, ती अडकवायला काहीतरी लागतं.

कात मिळाली की डोक्याकडचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टोप्या दिसल्या पाहिजेत. शेपटीचं टोकही बघा. टोपी डोळ्यावर राहिली असेल तर नखाने किंवा चिमट्याने ओढू नका, खालचा डोळा जाऊ शकतो. ओलसर डब्यात ठेवा, पुढच्या कातीपर्यंत न सुटल्यास डॉक्टर. शेपटीच्या टोकावर वळं राहिलं तर मात्र तेवढं थांबू नका, ते आवळत जाऊन टोक मरतं.

पहिली_कात (९ दिवसांनी)

आज सकाळी ओलसर डब्यात कात मिळाली. अखंड, उलटी होऊन निघालेली, मोज्यासारखी. दोन्ही डोळ्यांच्या टोप्या आहेत, शेपटीचं टोकही आहे. मुलीने पट्टीने मोजली, ४६ सेंमी. तिला वाटतंय पिल्लू तेवढं झालं, मी सांगितलं कात ताणली जाते, साप तिच्याहून आखूड असतो. दोघींनी हात धुतले, साबणाने.

अंगाचा केशरी रंग असा काही उजळलाय की सासूबाई दाराशीच थांबून बराच वेळ बघत होत्या. पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या.

एकच विचारायचंय, पिंकी आता त्याच्या अंगापेक्षा बारीक दिसते. पुढच्या वेळी एकदम फझी (अंगावर लव आलेलं, जरा मोठं उंदराचं पिल्लू) देऊ, की दोन पिंक्या?

खवले

१९ ग्रॅमला फझी अजून जरा मोठी होईल. आधी दोन-तीन वेळा दोन पिंक्या द्या, एक गिळून झाली की दुसरी. वजन ३० च्या जवळ आलं की छोटी फझी. बदललेल्या आकाराची पहिली खेप दिलीत की दोनाऐवजी तीन दिवस हात लावू नका, आणि तारीख वहीत लिहायला विसरू नका.